नातवाला आमच्याविषयी काही वाटतच नाही का?

वाचकहो, स्वमग्न मुलांच्या आजी-आजोबांकडून एक प्रश्न मला फार वेळा ऐकू येतो. तो बहुधा मुलाचे आई-वडील औषधे घ्यायला बाहेर गेल्यावर, आवाज खाली आणून विचारला जातो. नातू उशिरा बोलला, शाळेत रमत नाही, हे त्यांनी एव्हाना कसेबसे पत्करलेले असते. सलत असते ते निराळेच. 'मी पंधरा दिवस रुग्णालयात होते. घरी परतले, तर त्याने मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. डॉक्टर, त्याला आमच्याविषयी काही वाटतच नाही का?'

वाटते. या एका शब्दाच्या उत्तरामागे बरेच संशोधन उभे आहे. पण ते घरातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत क्वचितच पोहोचते. उपचारकेंद्रात मुलाबरोबर आई बसते, कधी वडील बसतात. दुपारी चार तास त्याला सांभाळणारी आजी तिथे नसते. आजचे सदर मुख्यतः तिच्यासाठी आणि आजोबांसाठी आहे.

'ऑटिझम'साठी मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला आहे. मीही तोच वापरतो, पण थोड्या नाइलाजाने. कारण स्वतःतच बुडालेला, जगाशी देणेघेणे नसलेला, असा अर्थ तो नकळत सुचवतो. दोष केवळ मराठी शब्दाचा नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. माणसांशी भावनिक संपर्क जोडण्याची जी क्षमता इतर बाळे घेऊन येतात, ती या मुलांत जन्मतःच नसते, असे त्यांचे अनुमान होते. 'जन्मतःच' हा त्यातील महत्त्वाचा शब्द पुढे मागे पडला. निबंधात कॅनर यांनी काही आई-वडिलांच्या कोरड्या स्वभावाचीही नोंद केली होती. लोकांनी नेमकी तीच उचलली. पुढची वीस-पंचवीस वर्षे आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, हे मत पाश्चात्त्य देशांत प्रतिष्ठित होते. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकातून ते घरोघरी नेले. वास्तविक त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने या मताचे खंडन केले होते. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. १९७७ मध्ये सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या आणि आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवून दिला. शास्त्रापुरता वाद तिथे मिटला.

आपल्या घरांतून तो मिटलेला नाही. 'सून नोकरीला जायची, म्हणून' हे वाक्य मी आजही ऐकतो, आणि ऐकले की मला संताप येतो. ज्या आईने तीन वर्षे स्वतःची झोप मोडली, तिच्यावर आपण पन्नास वर्षांपूर्वी रद्द झालेला आरोप ठेवतो आहोत, याची निदान जाणीव असावी.

कॅनर यांच्या त्या अकरा मुलांतील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याचे पुढे काय झाले, हे आता सर्वांना ठाऊक आहे. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावात तो वाढला, तेथील बँकेत त्याने अनेक वर्षे नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरला आणि २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी वारला. ओळखीच्या माणसांना तो एकेक क्रमांक देत असे आणि ते क्रमांक वर्षानुवर्षे विसरत नसे. गावकऱ्यांना त्या क्रमांकाचा अर्थ कळला होता. आपल्याला क्रमांक मिळाला म्हणजे आपण त्याच्या माणसांत मोडतो, असे ते समजत. भावनिक संपर्काची क्षमताच नाही, असे ज्याच्याविषयी लिहिले गेले, त्याने संपर्काची स्वतःची एक रीत शोधली होती.

स्वमग्न मुलांना भावना नसतात, या समजुतीला आणखी एका प्रयोगाने नकळत हातभार लावला. १९८५ मध्ये लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी मुलांसमोर दोन बाहुल्यांचा छोटा खेळ मांडला. सॅली नावाची बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. मागे ॲन ती गोटी काढून पेटीत ठेवते. सॅली परत आली. आता ती गोटी कुठे शोधील? आपण म्हणू, टोपलीत. कारण बदल तिने पाहिलेलाच नाही. २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी पेटीकडे बोट दाखवले. डाउन सिंड्रोम असलेल्या, बुद्ध्यंकाने त्यांच्याहून मागे असलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी मात्र बरोबर उत्तर दिले. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे याचा अंदाज बांधणे स्वमग्न मुलांना अवघड जाते, हे या प्रयोगाने दाखवले आणि ते मोलाचे आहे. परंतु त्यातून बाहेर पसरले ते असे की, या मुलांना दुसऱ्याचे सुखदुःख कळतच नाही. गोटी कुठे आहे हे सॅलीला ठाऊक नाही, एवढे ओळखणे ही एक क्रिया. सॅली रडू लागली तर आपल्या छातीत कालवाकालव होणे ही दुसरी. पहिली अडली म्हणून दुसरीही नाही, असे मानण्यास आधार नव्हता.

हा आधार खरोखरच नाही, हे पुढे दिसून आले. त्यासाठी आपल्याला एक अवघड शब्द शिकावा लागेल: ॲलेक्सिथायमिया. मनात काहीतरी उसळते आहे, पण ते भय आहे, राग आहे की लाज, हे त्या व्यक्तीला स्वतःलाच ओळखता येत नाही आणि म्हणून सांगताही येत नाही. हा स्वभावविशेष स्वमग्न नसलेल्या माणसांतही आढळतो. शंभरात साधारण पाच जणांत. स्वमग्न व्यक्तींमध्ये मात्र तो जवळजवळ निम्म्यांत आढळतो, असे २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष सांगतो. लंडनमधील जेफ्री बर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्या जवळच्या माणसाला किंचित वेदना दिली जात असताना पाहणाऱ्याच्या मेंदूत काय घडते, हे त्यांनी स्वमग्न आणि इतर प्रौढांत तपासले. ज्यांना भावनांची नावे सापडत नाहीत, त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद मंद होता, मग ते स्वमग्न असोत वा नसोत. केवळ स्वमग्नतेमुळे तो मंदावला नव्हता.

घरात याचा अर्थ काय होतो? परीक्षेच्या सकाळी मुलगा 'पोट दुखते' म्हणतो. तपासून पाहावे तर पोट मऊ असते, ताप नसतो. तो खोटे बोलत नसतो. भीतीने आतड्यांत जे घडते, ते त्याला जाणवते. त्याला 'भीती' म्हणतात हे त्याला उमगत नाही. अशा मुलाला 'तुला कसं वाटतंय?' असे विचारणे म्हणजे न शिकवलेल्या भाषेत निबंध लिहायला सांगणे आहे. तो गप्प राहतो आणि आपण समजतो, याला काही वाटत नाही. रुग्णालयातून परतलेल्या आजीकडे न पाहणारा नातू कदाचित याच कोंडीत असतो. पंधरा दिवस आजीची जागा रिकामी होती. आज ती भरली. आत काहीतरी मोठे हलले, पण ते काय आहे आणि त्याचे काय करायचे, हे त्याला ठाऊक नाही. म्हणून तो हातातल्या ठोकळ्यांकडे पाहत राहतो. त्या रात्री तो नेहमीपेक्षा उशिरा झोपला का, आजीच्या खोलीच्या दाराशी दोन-तीन वेळा घुटमळला का, हे आठवून पाहावे. मी विचारतो तेव्हा बरेचदा उत्तर 'हो' असे येते.

आता 'अचानक' या शब्दाविषयी. 'काही कारण नसताना अचानक भडकला' हे वाक्य स्वमग्न मुलांच्या घरात रोजचे असते. लॉस एंजेलिसमधील शुलमाइट ग्रीन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना व किशोरांना मेंदूच्या चित्रण-यंत्रात झोपवून रहदारीचा आवाज ऐकवला आणि हातावर खरखरीत लोकर फिरवली. इतर मुलांच्या मेंदूला त्याची लवकर सवय झाली. ज्या स्वमग्न मुलांना आवाज-स्पर्श फार बोचतात, त्यांच्या मेंदूतील भयाशी संबंधित केंद्र, म्हणजे ॲमिग्डाला, मात्र प्रत्येक वेळी जवळजवळ तितक्याच जोराने उसळत राहिले. कुकरची शिट्टी, मिक्सर, गणपतीतील ढोल-ताशा, नव्या कपड्याच्या गळ्याशी टोचणारी पट्टी ही कारणे आपल्याला कारणे वाटत नाहीत, एवढेच. 'सवय झाली की ठीक होईल' म्हणून मुलाला मिरवणुकीत धरून ठेवणाऱ्या आजोबांनी हा अभ्यास ध्यानात ठेवावा.

आणखी एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील मॅथ्यू गुडविन यांनी रुग्णालयात दाखल असलेल्या २० स्वमग्न मुलांच्या मनगटावर एक पट्टा बांधला. तो नाडीची गती, घाम, त्वचेचे तापमान आणि हालचाल टिपत असे. मागील तीन मिनिटांच्या नोंदींवरून पुढील एका मिनिटात मूल कोणावर हात उगारील की नाही, याचा अंदाज बऱ्यापैकी अचूकतेने बांधता आला, असे २०१९ मध्ये त्यांनी दाखवले. म्हणजे बाहेर काही दिसण्याआधीच शरीरात वादळ उठलेले असते. आपल्याकडे असा पट्टा नाही, पण दुपारभर मुलाजवळ बसणारे दोन डोळे आहेत. एखाद्या मुलाचे कान लाल होतात, एखादा एकच शब्द पुनःपुन्हा म्हणू लागतो, एखादा पायाची बोटे आवळतो. प्रत्येकाची खूण वेगळी असते आणि ती आजीला बहुधा डॉक्टरांच्या आधी कळते. ती वहीत लिहून ठेवावी. खूण दिसताच प्रश्न, उपदेश आणि आवाज थांबवावेत. मुलाला शांत कोपऱ्यात जाऊ द्यावे. त्या क्षणी समजूत घालण्याचा प्रयत्न करू नये, कारण शब्द ऐकण्याच्या स्थितीत तो नसतो.

हे सारे लहान मुलांपुरते नाही. माझी अधिक काळजी किशोरवयाची आहे. एमिली सायमनॉफ आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये १० ते १४ वर्षे वयाच्या ११२ स्वमग्न मुलांची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्के मुलांत आणखी निदान एक मानसिक विकार आढळला, ४१ टक्क्यांत दोन किंवा अधिक. सर्वाधिक प्रमाण, २९ टक्क्यांच्या आसपास, लोकांत मिसळण्याच्या तीव्र भीतीचे होते. ज्यांना माणसांत रस नाही असे आपण म्हणतो, त्यांच्यातील जवळजवळ तिघांपैकी एकाला माणसे आपल्याला काय म्हणतील याची धास्ती वाटते! वयात येताना मुलाला प्रथमच लख्ख दिसते की, आपण वेगळे आहोत, वर्गातील सहलीच्या बेतात आपले नाव नाही. हे दुःख समजण्याइतकी बुद्धी त्याला आहे, सांगण्याइतके शब्द नाहीत.

मुलींचे तर अधिकच अवघड. अनेक मुली दुसऱ्या मुलींचे हसणे, बोलणे, उभे राहणे पाठ करून शाळेत दिवसभर त्याची नक्कल करतात. शिक्षकांना काही खटकत नाही. घरी येताच दप्तर फेकून त्या तासभर रडतात आणि आपण म्हणतो, 'बाहेर शहाणी, घरात मात्र नाटकं.' नाटक बाहेर चाललेले असते, वाचकहो.

अशा मुलांतील खिन्नता नेहमीच्या रूपात येत नाही. 'मला उदास वाटतं' असे ते म्हणणार नाहीत. बारा वर्षे रेल्वेची वेळापत्रके जमवणाऱ्या मुलाने ती पेटीत बंद केली, आवडते खाणे सोडले, रात्रीची झोप उडाली, स्वतःला चावणे किंवा डोके आपटणे नव्याने सुरू झाले, तर ते वय म्हणून सोडून देऊ नये. स्वमग्न किशोरांत व प्रौढांत आत्महत्येच्या विचारांचे प्रमाण इतरांहून बरेच अधिक असते, हे कटू असले तरी सांगितलेच पाहिजे. 'मी नसलो तर बरं' असे वाक्य त्याने सपाट, भावहीन आवाजात उच्चारले म्हणून त्याचे गांभीर्य कमी मानू नये. त्याचा आवाज नेहमीच तसा असतो. लगेच मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे; रात्री-अपरात्री कोणी सापडले नाही, तर 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते.

घरातील वातावरणाचा या साऱ्यावर परिणाम होतो का? होतो, पण इथे फार सावधपणे वाचावे. वातावरणाने मूल स्वमग्न होत नाही. मात्र स्वमग्न मुलाची अस्वस्थता किती वाढेल वा निवेल, यात वातावरणाचा वाटा असतो. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी किशोर व प्रौढ स्वमग्न मुलांच्या आयांना आपल्या मुलाविषयी पाच मिनिटे मोकळेपणाने बोलायला सांगितले आणि त्या बोलण्यातील जिव्हाळा आणि कौतुक मोजले. दीड वर्षाने पाहिले, तेव्हा ज्यांच्या बोलण्यात कौतुक अधिक होते, त्यांच्या मुलांचे त्रासदायक वर्तन कमी झालेले आढळले. आपल्या घरात मुलाविषयी पाच मिनिटे कोण बोलते आणि कशाविषयी? पाहुण्यांसमोर, मुलगा शेजारीच बसलेला असताना, 'याचं काही खरं नाही' असे म्हटले जाते. त्याला कळत नाही, या गृहीतकावर. त्याला कळते.

आजीच्या हाती नेमके काय आहे, याचे सर्वांत चांगले उत्तर मला गोव्यातून मिळाले. 'संगत' ही संस्था आणि ब्रिटनमधील संशोधक यांनी गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी येथे दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांबरोबर केलेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ दुर्मिळ, म्हणून प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्यकार्यकर्ते घरी जात. ते मुलाला शिकवीत नसत. आई-वडील मुलाशी खेळतानाचे चित्रण करून तेच त्यांना दाखवीत आणि मुलाने किंचित पुढाकार घेतलेला, पण मोठ्यांच्या नजरेतून निसटलेला क्षण दाखवून देत. हळूहळू आई-वडील मुलाच्या लक्षामागून जाऊ लागले, आज्ञा कमी झाल्या आणि मुलेही आपणहून अधिक बोलू, खुणावू लागली. स्वमग्नता नाहीशी झाली, असा कोणाचाही दावा नाही.

या पद्धतीचा गाभा 'थांबणे' हा आहे आणि उतारवयात आपल्याकडे घाई नसते, ही इथे जमेची बाजू. नातू गाडीचे चाक फिरवत असेल, तर 'हा रंग कोणता?' असे विचारू नये. शेजारी जमिनीवर, गुडघे दुखत असतील तर पाटावर, बसावे आणि म्हणावे, 'चाक फिरतंय.' मग मनात दहापर्यंत मोजावे. डोळ्यांत पाहण्याचा आग्रह धरू नये. काही स्वमग्न प्रौढ सांगतात की, दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहिले की त्यांना ऐकू येणेच कमी होते. भावनांची नावे तो शांत असताना आणि आपल्यावरून शिकवावीत: 'दूध उतू गेलं, मला राग आला. माझे हात गरम झाले.' शरीरातली खूण आणि भावनेचे नाव एकत्र आले की, त्याला ती आपल्यात शोधता येते.

एक पैशाची गोष्ट. मूळपेशींच्या इंजेक्शनांनी किंवा उच्च दाबाच्या प्राणवायूने स्वमग्नता बरी होते, असे सांगणारे लोक आजी-आजोबांच्या मुदतठेवींवर डोळा ठेवून असतात. स्वमग्नतेवर मूळपेशी-उपचार करू नयेत, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्येच म्हटले आहे. ठेव मोडायचीच असेल, तर ती चांगल्या वाचा-उपचारतज्ज्ञासाठी आणि मुलाच्या आईला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळावी म्हणून मोडावी. जिल्हा रुग्णालयांशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी विनामूल्य होते, तेथे आधी जावे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढण्यात कमीपणा मानू नये.

लग्नसराई जवळ आली आहे, म्हणून जाता जाता. नातवाला कार्याला न्यायचे असेल, तर आदल्या दिवशी कार्यालयाचे छायाचित्र दाखवावे, कानांवर लावायचे आवाजरोधक सोबत घ्यावेत, दाराजवळची खुर्ची धरावी आणि पंगतीची वाट न पाहता तासाभरात निघावे. घरून डबा न्यावा. कोणी विचारले, 'हा नमस्कार का करत नाही?' तर उत्तर आई-वडिलांवर न सोपवता आजोबांनीच द्यावे.